आय-आयचं बोट

उज्ज्वलाचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. सुरतेच्या लिंबायत भागात माहेरी धाकट्या बहिणीची, गायत्रीची हळद होती. दारात मांडव, घरात पाहुण्यांचा गलका, आणि ही बया मोबाइल घेऊन कधी जिन्यात तर कधी गच्चीवर. सुरतेतल्या मराठी मंडळींच्या मासिकात ती संपत चाललेल्या प्राण्यांवर सदर लिहायची. या महिन्याचा पाहुणा होता आय-आय, मादागास्कर बेटावरचा लेमूर, माकडाचा लांबचा भाऊबंद. मजकूर केव्हाच लिहून झाला होता, घोडं अडलं होतं वरच्या चौकटीपाशी. तिथे दोनच ओळी मावत, आणि त्या वाचून कुणी पान उलटता कामा नये, असं संपादकांचं म्हणणं. दुपारच्या आत पान छापखान्यात जायचं होतं.

तिच्यापुढे दोन गोष्टी होत्या. हा प्राणी काडीसारख्या मधल्या बोटानं लाकूड ठोकतो, कान देऊन आतल्या अळीचा ठाव घेतो, दातांनी भोक पाडतो आणि त्याच बोटानं तिला बाहेर ओढतो, ही एक. दुसरी म्हणजे, तिकडच्या काही गावांत समजूत आहे की त्यानं ते बोट ज्याच्यावर रोखलं तो मेलाच, म्हणून लोक त्याला दिसेल तिथे मारतात. आता यातली झणझणीत कुठली, ते सांगायला नको. संपादक वसंतराव तर फोनवरच खूश झाले होते. "बाई, हेच टाका. बोट दाखवलं की मरण!" तिनं तसं लिहिलं, पुसलं आणि पुन्हा लिहिलं. का पुसलं ते तिचं तिलाच कळेना.

पाणी प्यायला ती खाली आली. आई, प्रमिलाबाई, उंबऱ्याशी बसून सगळ्यांना कामं सांगत होती.

"काय वाचस वं मघापासून?"

उज्ज्वलानं ती चौकट वाचून दाखवली. प्रमिलाबाईंनी मान डोलावली.

"खरं ऱ्हाईन. काही जणस्ना पायगुनच तसा ऱ्हास."

आणि त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. तिथे त्यांची सून रंजना चहाची भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

रंजना लग्न होऊन आली आणि महिन्याभरात उज्ज्वलाचे वडील, पंडितबापू, कापडाच्या कारखान्यात लूमसमोर, मागावर काम करताना, उभ्या उभ्या गेले. हृदय आधीपासूनच कमजोर होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण 'पांढऱ्या पायाची' हा शब्द घरात शिरला तो शिरलाच. आज हळद फोडायला पाच सवाष्णींनी एकत्र मुसळ धरायचं, त्यात घरची एकुलती सून नव्हती. तिच्या जागी शेजारच्या शोभाबाईंना सांगितलं होतं.

"माय, रंजनाले..." उज्ज्वला पुटपुटली.

"मन्हा बी हात लागत नही तठे," प्रमिलाबाई म्हणाल्या. हात त्यांनी पदरात गुंडाळून ठेवले होते. "मन्ही सोतानी पोर शे. मी रडस का?"

उज्ज्वला मूग गिळून वर गेली. गच्चीवर तिनं चार येरझाऱ्या घातल्या आणि वसंतरावांना फोन लावला.

"सर, ते बोटाचं नको."

"अहो, समजूत आहे असं लिहिलंय ना आपण?"

"समजूत कोण वाचतंय? मरण तेवढं वाचतात. आपल्या लोकांना तो पहिल्यांदाच भेटतोय, आणि पहिल्याच भेटीत आपण त्याला अपशकुनी म्हणायचं? मग पुढे कितीही लिहा, कुणाला त्याची दया येणार? त्याला का मारतात ते खाली येऊ द्या. वर तो काय करतो ते येऊ द्या."

वसंतराव हसण्यावारी न्यायला लागले तशी ती चिडली. तिचा आवाज चढला. एखाद्या जिवाला न बघताच बदनाम करायचा हक्क आपल्याला कुणी दिला, असंही तिनं विचारलं. शेवटी ते म्हणाले, "बरं बाई, तुमचं सदर, तुमची जबाबदारी." तिनं नवी चौकट पाठवून दिली: लाकडाला कान लावून जेवण शोधणारा लेमूर. तिला बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं.

ती वळली तर जिन्याच्या तोंडाशी रंजना चहाचा कप घेऊन उभी होती. सगळं तिनं ऐकलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "त्या जनावरसाठे कितल्या भांडल्यात तुम्ही!"

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर उज्ज्वलाला सोसला असता. रंजनानं कप तिच्या हातात दिला आणि ती कामाला खाली निघून गेली. उज्ज्वलाला स्वतःची लाज वाटली. कप तिनं तसाच कठड्यावर ठेवून दिला.

खालून हाक आली. मांडवात उखळ मांडलं होतं, मुसळाला हात लागत होते. उज्ज्वलानंही हात लावला. शोभाबाई पदर सावरत पुढे आल्या, तेवढ्यात उज्ज्वलानं हात काढून घेतला.

"पाचवी रंजना. नही ते मी बी नही."

प्रमिलाबाई उंबऱ्यावरून अर्ध्या उठल्या.

"उज्ज्वला! पोरना संसारना सवाल शे." आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती.

"माले बी भ्याव वाटस, माय," उज्ज्वला म्हणाली, आणि ते खरंच होतं. गायत्रीला उद्या काही झालं तर हे सगळे आपल्याकडे बघतील, हे तिला दिसत होतं. "तरी बी तीच पाचवी."

रंजना स्वयंपाकघराच्या दारात आली होती. हातातून पाणी निथळत होतं. ती नणंदेकडे बघतच नव्हती, ती सासूकडे बघत होती. शोभाबाई मुकाट्यानं मागे सरल्या. प्रमिलाबाईंची नजर सुनेच्या ओल्या हातांवर गेली.

"हात पुस पहिले," त्या म्हणाल्या. "वला हात मुसळले लावू नको."