बोटभर डावीकडे

वाळूची तिसरी पिशवी मास्तरांनी खुर्चीत ठेवली, पट्टा आवळला आणि पिशवीवर हलकीच थाप मारली. वर्गातल्या चुळबुळ्या पोराला गप्प बसवावं तशी.

"अठ्ठावन्न किलो," ते म्हणाले.

"छप्पन्न," व्हरांड्यातल्या खाटेवरून अक्का म्हणाली. "दोन किलो माझ्या माथी उगाच मारू नकोस."

"ते दोन तुझ्या बुटांचे."

"बूट घालून सहा वर्षं झाली, बाळ्या."

बाळ्या चौसष्ट वर्षांचा होता. शाळेच्या कार्यशाळेत त्यांनी उभा जन्म काढला होता, मुलांच्या हातात रंधा, कानस आणि शेवटी लेथ देण्यात. लेथसमोर प्रत्येक मुलाला ते एकच वाक्य शिकवायचे : आधी हात काढ, मग यंत्र चालू कर. कितीतरी मुलांची दहाच्या दहा बोटं त्या वाक्यानं शाबूत ठेवली होती. निवृत्तीनंतर शाळेनं कार्यशाळेलाच कुलूप लावलं आणि त्यांना मास्तर म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नाही. लग्न राहूनच गेलं होतं. त्याच साली जमिनीची एक खासगी मोजणी करताना अक्काच्या पायाखालचा कडा ढासळला. तिचं कमरेखालचं अंग गेलं आणि मास्तर आपली एक पेटी घेऊन या थोरल्या बहिणीकडे राहायला आले.

अक्काची नेहमीची खुर्ची फाटकापाशीच खडीत रुतायची. फाटकापलीकडे पायवाट होती आणि पायवाटेच्या शेवटी टेकडी. तिच्या माथ्यावर अक्कानं नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतः रोवलेला मोजणीचा दगड होता. तिला तिथं जायचं होतं. दुसरं काही तिनं सहा वर्षांत मागितलं नव्हतं.

म्हणून ही खुर्ची. दोन मोटारी, नांगरटीच्या छोट्या यंत्राची जाड खाचांची चाकं, उजव्या हाताखाली चालवायची कांडी. चढावर नाक उचलू नये म्हणून दोन्ही बॅटऱ्या पुढे, पायफळीखाली. मागे एक रुंद फळी आणि धरायला दांडा.

मास्तर त्या फळीवर उभे राहिले. अंगणाच्या कडेला त्यांनीच रचलेल्या मातीच्या ढिगावर खुर्ची घुरघुरत चढली, माथ्यावर क्षणभर थांबली आणि पलीकडे उतरली. वाळूच्या पिशव्या जागच्या हलल्या नाहीत. मास्तर खाली उतरून हात झटकत आले. शाबासकीची वाट पाहणारं पोर कसं उभं राहतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरीही ते तसेच उभे राहिले.

अक्काची नजर ढिगाच्या पलीकडच्या उतारावर होती.

"मागे तू नसलास तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू घरी आहेस आणि मी वर आहे."

"उतारावर तोंडघशी पडेल. मागे वजन हवंच."

"माझ्यापेक्षा तुझंच वजन जास्त हवंय मग तिला." ती हसली, पण नुसती ओठांनी. "बाळ्या, सहा वर्षं मी एकटी कधी झालेय, सांग बरं. न्हाणीतसुद्धा दाराबाहेर तुझं खोकणं असतं. तुझा काही दोष नाही त्यात. पण मला वर जाऊन जरा गप्प बसायचंय. कोणी न बघता."

"आणि काही झालं म्हणजे?"

"डोंगरात तीस वर्षं काय तुझं बोट धरून हिंडले?"

मास्तरांनी पट्टा सोडला आणि पिशव्या एकेक करून खाली उतरवल्या. तिन्ही उतरवून झाल्यावर म्हणाले, "चहा टाकतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे आराखडे टेबलावर पसरले. तळाला पहिला कागद होता, वर्षभरापूर्वीचा. त्यावर खुर्ची अर्धवटच होती. चाकं नव्हती, मोटारींचा पत्ता नव्हता. पण मागे उभा असलेला माणूस मात्र पूर्ण काढलेला होता, डोक्यावरच्या टोपीसकट. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. बॅटऱ्या बैठकीखाली मध्यावर बसवता आल्या असत्या. सांगाडा वीतभर लांब आणि बैठक चार बोटं खाली घेतली असती, तर चढ-उतार दोन्ही निभावले असते. अवघड काहीच नव्हतं. आठवीतल्या बऱ्यापैकी मुलाला सुचलं असतं.

त्यांना अठरा दिवस लागले. मागची फळी त्यांनी करवतीनं कापून काढली. दांडा काढताना मात्र नट गंजल्यासारखा अडून बसला, नवा असूनही. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पाना उलटा फिरवतोय.

निघायच्या सकाळी त्यांनी अक्काला उचलून खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, तो दोनदा तपासला. तिनं पाठीमागे आपली जुनी लाल-पांढरी मोजणीची झेंडी खोचायला लावली. "झुडपांवरून दिसेल तुला. जिवाला घोर नको." मास्तर फाटकापर्यंत सोबत चालले. तिथं खुर्ची थांबली. पुढे जाईना.

"काय झालं? अडकली का?"

"मास्तर," अक्का समोर बघत म्हणाली, "लेथचा नियम काय होता तुमचा?"

त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. त्यांनी तो काढून घेतला, आणि कुठं ठेवावा ते न कळून खिशात घातला.

खुर्ची खडीवरून सहज निघाली. झेंडी पायवाटेनं वळत गेली, झुडपांत बुडाली, पुन्हा वर आली, शेवटी माथ्यावर दगडापाशी स्थिर झाली. मास्तर व्हरांड्यात आले. झाडलेलं अंगण त्यांनी पुन्हा झाडलं. घरात पाणी प्यायला गेले आणि न पिताच बाहेर आले. झेंडी तिथंच होती. एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं, बंद पडली असेल का. आणि त्या विचारानं आपल्याला जरा बरं वाटलं, हेही त्यांना कळलं. ते पायरीवर बसले. खोकला आला तो त्यांनी दाबला, जणू तो वरपर्यंत ऐकू गेला असता.

ऊन चढल्यावर झेंडी हलली. अक्का परत आली तेव्हा चाकांना लाल माती होती आणि केसांत कुसळं. तिचा चेहरा उन्हानं तापलेला होता. वर काय केलं हे मास्तरांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. फाटकातून तिनं एकदा मास्तरांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, एकदा अंगणातल्या झाडूच्या ताज्या रेघांकडे.

"चालते झकास," ती म्हणाली. "पण डावीकडे ओढतेय."

मास्तर ताडकन उठले. "किती?"

"बोटभर. दहा पावलांत बोटभर. उद्या निघायच्या आधी बघून ठेव बाबा."

दुपारी त्यांनी अंगणातल्या फरशीवर खडूची दहा पावलांची रेघ मारली. वाळूच्या पिशव्या चढवल्या, या वेळी दोन किलो काढून. एका बोटानं कांडी पुढे दाबून ते खुर्चीच्या शेजारून चालले. डावं चाक रेघेवरून गेलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ चाकानं पुसली होती, चाक कुठंच सरकलं नव्हतं. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा पुसली गेली.

मास्तर रेघेपाशी उकिडवे बसून राहिले. दरीच्या पलीकडचा खांब नुसत्या डोळ्यांनी बघून, दोन बोटं कललाय, असं सांगणारी ही बाई. दुर्बीण लावली की तेवढंच निघायचं.

व्हरांड्यात अक्का मान खाली घालून झेंडीवरची माती पुसत होती.

मास्तरांनी पाना आणला. जमिनीवर पाठ टेकून ते खुर्चीखाली सरकले आणि डाव्या चाकाचा घट्ट बसलेला नट त्यांनी दोन आटे सैल केला. मग सावकाश, पहिल्या दिवशी मुलांना दाखवायचे तसा, पुन्हा आवळला.

"सापडलं का रे काही?"

"सापडलं. नट सैल होता."

"वाटलंच मला. उद्या वर नेऊन आणते, मग सांगते कशी चालते ते."

"सांग," खुर्चीखालून मास्तर म्हणाले, आणि काम संपलं होतं तरी थोडा वेळ तिथंच राहिले.