वेशीच्या आतली घंटा

पाटोद्याजवळच्या एका गावात, मारुतीच्या देवळात टांगलेली मी जुनी पितळी घंटा. गावातल्या बायकांनी घरची चेपलेली भांडी दिली, ती वितळवून मला ओतलं. मित्रांनो, माझ्यात बऱ्याच घरांचा वाटा आहे. गावाची माया आहे, म्हणून तर एवढ्या तळमळीने बोलते आहे.

पोरं बापाच्या खांद्यावर बसून मला वाजवायची. काय सांगू, लई आवडायचं मला! पुढे एकदा बंकट नावाच्या गड्याला साप चावला. त्याला माझ्याखाली बसवलं आणि मला सारखं वाजवत ठेवलं. तो साप बिनविषारी होता. बंकट हसत घरी गेला आणि माझं नाव झालं! तेव्हापासून गावात रीतच पडली. साप चावलेल्याला इथं आणायचं, विष उतरेपर्यंत घंटा थांबवायची नाही आणि त्याला वेशीबाहेर न्यायचं नाही. वेस ओलांडली की विष चढतं म्हणे. कुणी ठरवलं हे, देव जाणे. मला तर कुणी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात भरदुपारी उत्तरेश्वरने आपल्या लेकीला, दीपमालाला, उचलून आणलं. सरपण काढताना तिला नाग चावला होता. तिला माझ्याखाली निजवून उत्तरेश्वर माझा दोर ओढू लागला. शेजारचा अभिमन्यू जीप घेऊन देवळापुढे उभा राहिला.

"आई, माझे डोळे मिटायलेत," दीपमाला म्हणाली.

"अवो, दवाखान्यात न्या की तिला! पाया पडते तुमच्या," तिची आई सत्यभामा रडत होती.

"येडी झालीस का? वेस वलांडली की पोर हातची जाईल," उत्तरेश्वर ओरडला. "देवावर भरोसा हाय का न्हाई तुला?"

अरे बाबा, औषध दवाखान्यात आहे, माझ्यात काय आहे? मला ओरडून सांगायचं होतं. पण माझं ओरडणं म्हणजे घणघणाटच. मी जितकी ओरडत होते, तितका त्याला धीर येत होता.

पोरीने पाणी मागितलं. त्याने दोर सोडला, तांब्या तिच्या ओठांना लावला, पुन्हा दोर धरला. पाणी हनुवटीवरून ओघळलं. थोड्या वेळाने तिची मान आईच्या मांडीवर कलली. जीप तिथंच उभी होती.

वाटलं, आता तरी याचे डोळे उघडतील. कुठलं काय! उत्तरेश्वर रोज माझ्याखाली येऊन बसतो. "मी पाणी पाजायला थांबलो, म्हनून गेली," येईल त्याला सांगतो. "तुमी थांबू नका." माणसं माना डोलावतात. लेकीला पाणी पाजलं, तेच त्याला पाप वाटतं! माणूस स्वतःला दोष देईल, पण आपल्या समजुतीला देणार नाही. हे बघून मला तडकून पडावंसं वाटतं.

मित्रांनो, देवाला हात जोडा. आरतीला मला हवं तेवढं वाजवा. पण अवेळी माझा घणघणाट ऐकू आला, तर पळत या. दोराला हात लावू नका. माझ्याखाली जो कुणी बसला असेल त्याला उचला आणि आधी वेशीबाहेर न्या.