हळद शिजवणाऱ्याचं नाक

आमच्या ह्यायचं नाव तातेराव. नाव मी घेत नसते, पर तुमाला कळावं म्हणून एकडाव घेतलं. कुरुंद्यात आन् आसपासच्या गावात हे हळद शिजवायचा कुकर फिरवतात. ट्रॅक्टरच्या मागं पाण्याची टाकी, टाकीखाली जाळ, बाजूला हळदीनं भरलेले ड्रम, आन् त्यात वाफ सोडायची. हळद कमी शिजली तर वाळल्यावर पोकळ राहते, जास्त शिजली तर रंग उतरतो. बाकीचे कुकरवाले काडी टोचून बघतात. आमचे हे लांब उभे राहून नुसता वास घ्यायचे आन् म्हणायचे, “बंद करा.” काडी टोचायची ते शिकाऊ पोरायनं, असं ह्यायचं म्हणणं. लोक ह्यायच्या नाकासाठी महिनाभर आधी नंबर लावायचे.

मलाबी ह्यायनं नाकानंच पसंत केलं. माझं माहेर सेनगावकडचं पुसेगाव. पाहुणे आले तव्हा मी धने भाजून कुटून राहिले होते. माय म्हणाली, ऊठ, साडी बदल, पोहे घेऊन चल. हात धुवायलाबी सवड मिळाली न्हाई. लग्न झाल्यावर एक दिवस मी लाजत लाजत विचारलं, माझ्यात काय पाह्यलं तुमी? बाईमाणसाला वाटतं, डोळे म्हणतील, केस म्हणतील. हे म्हणले, “तुझ्या अंगाला भाजल्या धन्यांचा वास येत होता. वाटलं, हिच्या घरात रोज जेवावं.”

मी म्हणलं, मी काय मसाल्याची पुडी हाये व्हय? दोन दिवस बोलले न्हाई. माझ्या नाकावर राग असतो, हे साऱ्या गावाला माहीत हाये.

पर खरं सांगू का, त्या वासानंच आमचा संसार झाला. ह्यायला गोड बोलता येत न्हाई. चारचौघांत बायकोला नावानं हाक मारायची तर आमच्यात रीतच न्हाई. लेकीच्या नावानं ‘प्रतिक्षाची माय’ म्हणायचं. पर संध्याकाळी घरी आले की माझ्या मागून जाताना मानेजवळ वाकायचे आन् म्हणायचे, “आज मेथी.” न्हाईतर “आज लसणाची चटणी.” बास, तेवढंच. मी “व्हा तिकडं” म्हणायचे, पर दिवसभर त्या एका घडीची वाट बघायचे. रात्री पडल्या पडल्या हळदीच्या गोष्टी सांगायचे. कच्ची हळद मातकट वास मारते, मग उग्र होते, आन् शिजत आली की वासात रताळ्यासारखा गोडवा उतरतो. तो गोडवा आला की लगेच थांबायचं. मी अर्धी झोपेत हुं हुं करायचे, पर सारं ऐकायचे.

मग कोरोना आला. ह्यायला झाला, देवाच्या दयेनं बरेबी झाले. पर त्याच्यानंतर मानेजवळ वाकणं बंद झालं. मागून जायचे तर भिंतीमागून गेल्यासारखं. जेवायचे खाली मान घालून. बाज उचलून ओसरीत नेली. मी वसमतहून वासाचं साबण आणलं, केसात मोगरा माळला. एवढं या वयात करायची लाज वाटली, तरी केलं. हे गजऱ्याकडं बघून म्हणले, “कोनाचं लगीन हाये का?”

माझा तर जीव जळून गेला. लेक सासरी गेली, केस पांढरे झाले, अंग सुटलं. म्हणलं, झालं, आपला मोसम सरला. नणंद नीलाबाई म्हणाली, वहिनी, पुरुषाची जात अशीच असते, मनावर घेऊ नका. मनावर न घेता कुठं घेऊ? मी येताजाता भांडू लागले. भांडण झालं तर निदान माझ्याकडं बघतात तरी, असं वाटायचं.

एक दिवस गॅसवर दूध ठेवून मी शेजारी विरजण आणायला गेले आन् बोलत बसले. परत आले तर घरभर जळका वास, पातेलं काळं कुट्ट, आन् हे तिथंच पाटावर बसून मोबाईल बघून राहिले. तोंड उघडलं होतं मी शिव्या द्यायला. पर ह्यायचा चेहरा बघितला आन् थांबले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी हळूच हिंगाची डबी उघडली आन् मागून ह्यायच्या नाकाजवळ नेली. हे मोबाईलच बघत राहिले.

मी मागच्या दारी गेले आन् तोंडात पदर कोंबून हसले. हसता हसता रडले. देवाला हात जोडले. म्हणलं, नाकच नेलंस ना रे बाबा, ने. मला वाटलं होतं माणूसच नेलंस.

ह्यायला काही बोलले न्हाई. हे बिचारे कोनापुढं बोलणार? हळदवाल्याचं नाक गेलं ही बातमी फुटली तर आपला माल ह्यायच्या हाती कोन देईल? आन् पैशापेक्षा ह्यायची मान. ती मान खाली गेली असती तर पुन्हा वर आली नसती.

हळदीचा हंगाम लागला. मी चहाची किटली घेऊन कुकरवर जाऊ लागले. साऱ्या संसारात कधी गेले नव्हते. वाऱ्याच्या तोंडाला उभी राहायचे आन् वास घेत राहायचे. गोडवा आला की ह्यायच्यावर तुटून पडायचे. “चहा निवून राहिला, किती येळ वाफ सोडता? घरचं काही ध्यान हाये का न्हाई?” हे चिडून म्हणायचे, “बंद करा रे, न्हाईतर ही बया बसू देणार न्हाई.” ड्रम उलटले की हळद बराबर शिजलेली. माझ्या तोंडाला सारं गाव ओळखून होतं, म्हणून कोनाला शंका आली न्हाई. लोक थट्टा करायचे, तातेराव, वहिनीला घरी करमत न्हाई वाटतं. मी म्हणायचे, तुमच्या बायका येत न्हाईत त्याला मी काय करू?

असे दोन हंगाम गेले. मला वाटायचं, ह्यायला काही कळलं न्हाई.

यंदा एक दिवस गावातल्या देविदासची हळद होती. लई मोठा माल, गावातली जाणती माणसं बघायला बसलेली. आन् नेमकी मला सर्दी. डोकं जड, नाक ठार चोंदलेलं. गळ्याला, कपाळाला बाम चोळून तशीच गेले. वाऱ्याच्या तोंडाला उभी राहिले, जोर लावून श्वास ओढला, पर काही आत जाईना. वाफ निघून राहिली होती. आता भांडू का मग भांडू? देविदासच्या वर्षभराच्या कष्टाचा माल, आन् ह्यायची मान. किटली हातात तशीच.

देविदास म्हणला, “तातेराव, झालं का?”

हे माझ्याकडं बघत होते. मी खाली बघितलं. आन् मग हे साऱ्या माणसांदेखत म्हणले, “चांगुणा, आज काहून भांडली न्हाईस?”

माझं नाव. सासरी आल्यापासून ह्यायच्या तोंडून चारचौघांत पहिल्यांदा. मी म्हणलं, “नाक चोंदलंय माझं.”

ह्यायनं मान हलवली. खाली वाकून तुराटीची काडी उचलली, ड्रममधून एक हळकुंड काढलं आन् टोचून बघितलं. काडी अलगद आत गेली. “बंद करा,” हे म्हणले. मग देविदासकडं वळले. “माझं नाक कोरोनात गेलं. दोन वर्सं झाली, मी हिच्या नाकावर हळद शिजवून राहिलो. तुमाला पटत नसंल तर उद्याचे ड्रम दुसऱ्या कुकरवाल्याला द्या.”

मला वाटलं आता धरणी फाटते. देविदासनं हळकुंड मोडून बघितलं, रंग बघितला. म्हणला, “मागच्या वर्साची माझी हळद बी वहिनीनंच शिजवली म्हणा की. मग आता काय बिघडलं? वहिनी, उद्या काढा पिऊन या.” माणसं हसली. हेबी हसले. आन् मी त्या गर्दीत डोळे पुसत उभी. देविदासचे उपकार मी इसरणार न्हाई.

घरी येताना मी विचारलं, “तुमाला कव्हापासून माहीत होतं?”

“पहिल्या दिसापासून. तू भांडतेस रोज, पर इतकी येळेवर कधी भांडली न्हाईस.”

“मग बोलला काहून न्हाईत?”

“बोललो असतो तर तू यायची बंद झाली असतीस.” मग म्हणले, “घरी आलो की तुझा वास न्हाई. सारं परक्याचं घर वाटायचं. म्हणून ओसरीत गेलो. तू कुकरवर येऊन वरडायची, तव्हा वाटायचं, हाये, आपलं माणूस हाये.”

त्या रात्री बाज आत आली. मी भाकरी थापत होते. हे मागून आले आन् कितीतरी दिवसांनी मानेजवळ वाकले. तसेच थांबले.

मी विचारलं, “काय वास आला?”

“काहीच न्हाई,” हे म्हणले. “पर धने असतील.”

गळ्याला माझ्या सकाळपासून बाम चोळलेला होता. मी म्हणलं, “व्हय. धनेच.”