साहेबांनी झाकून ठेवलेलं

धुरपताला दवाखान्याची पुढची तारीख डॉक्टर मुनघाटे साहेबांनीच दिली होती. सप्टेंबरात, स्वतःच्या हातानं कागदावर लिहून. "डिसेंबरच्या दहाला ये, नवे तांदूळ घेऊन ये," असंही हसत म्हणाले होते. म्हणून ती धानोऱ्याहून सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाली तेव्हा मांडीवर तांदळाची पिशवी होती आणि शेजारी नवरा, इतवारी. गडचिरोलीला गाडी बदलून चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचेस्तोवर अकरा वाजले.

साहेबांच्या खुर्चीवर पस्तिशीतली एक बाई बसली होती.

"साहेब कुठी गेले?" धुरपतानं दारातल्या सिस्टरला विचारलं.

"रिटायर झाले ना, नोव्हेंबरच्या तीसला. नागपूरला गेले राहाले. आता ह्या दिव्यानी मॅडम पाहतात."

तीसला जाणारा माणूस दहाची तारीख देतो कशी, हे धुरपताला उमगेना. तिनं पिशवी बाकाखाली सरकवली आणि नंबरची वाट पाहू लागली.

चार वर्षांपूर्वी डाव्या छातीत गाठ निघाली तेव्हा ती मरायच्याच तयारीनं इथं आली होती. साहेब आरमोरीकडचे. तिच्याच बोलीत बोलत, रागवत, "तू माह्यी बहीण हायेस" म्हणत. ऑपरेशन झालं, केमोच्या सलाईनी झाल्या, केस गेले आणि परत आले. एक दिवस साहेब म्हणाले, "गेला तुझा कॅन्सर. आता फक्त गोळी घेत जा." तेव्हापासून एखादी नवी बाई ऑपरेशनला घाबरून रडायला लागली की ते धुरपताला रांगेतून आत बोलवत, तिच्यासमोर खुर्चीवर बसवत. "हिले पाहा. हिले बी झालता. आता धान रोवते." धुरपताला त्याचा अभिमान वाटे. गावातही ती बायांना तेच सांगे. शेजारच्या गावातली मंगली, तिची बाजाराची मैत्रीण, गाठ घेऊन नुसती पुजाऱ्याकडे फिरत होती. काही केल्या ऐकेना. तेव्हा, मागच्या वर्षी, धुरपता तिच्या अंगणात उभी राहून म्हणाली होती, "माह्या अंकुशची आन हाय, माह्या आंगात आता काईच नाई." लेकराची आण ऐकल्यावर मंगली ऑपरेशनला तयार झाली.

नंबर आला तशी दोघं आत गेली. दिव्यानी मॅडमनी फाईल बराच वेळ चाळली. मान वर न करता विचारलं, "पाठ कशी आहे?"

"दुखते थोडीशी. धान कापलं ना."

आता त्यांनी वर पाहिलं. "धान कापायला गेलात? भारे पण उचलले?"

"मंग कोन उचलन?"

"मावशी, मणक्यात आजार असताना ओझं उचलायचं नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"मणक्यात कोनता आजार?"

मॅडम आधी फाईलकडे आणि मग इतवारीकडे पाहू लागल्या. इतवारी फरशीकडे पाहत होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत कॅन्सर मणक्याच्या हाडात दिसला होता. म्हणूनच तुमची गोळी बदलली. तो पूर्ण जाणार नाही, पण गोळीनं दबून आहे. सप्टेंबरच्या फोटोतही वाढलेला नाही."

"गोळी तं जुनी भेटून नोती राह्यली म्हणून बदलली. आन संगं देत थे सुई ताकदीची हाय म्हणत साहेब."

"सुई हाडांसाठी होती. याच आजारासाठी."

धुरपताला पहिला राग आला तो या बाईचाच. "तुमी नव्या हा," ती म्हणाली. "तुमाले माह्यं काय मालूम? साहेबायले सारं मालूम होतं."

"हो," मॅडम म्हणाल्या. "त्यांनीच लिहिलंय हे."

परतीच्या गाडीनं सावली गाव सोडलं. खिडकीकडे पाहतच धुरपता म्हणाली, "अंकुशचे बाबा, तुमाले मालूम होतं."

इतवारीनं मान डोलावली. "साहेबच म्हणाले. बाईले सांगू नोको, धसका घेईन. मी काय करू?"

"अंकुशले?"

"त्याले बी मालूम हाय."

म्हणजे घरात तिच्याशिवाय साऱ्यांनाच ठाऊक होतं. दोन वर्षं ती त्यांच्यात जेवली, बसली, हसली, रोवणी केली, आणि प्रत्येकजण तिच्याकडे पाहताना मनात दुसरंच काही पाहत होता. ती भारे उचलत होती तेव्हा इतवारी "राहू दे, राहू दे" म्हणायचा. तिला वाटायचं, म्हातारपणी माया आली याला.

दोन दिवसांनी तिनं सून दीपिकाला साहेबांचा नंबर लावायला लावला. साहेबांनी आवाज लगेच ओळखला.

"धुरपता, तू दोन वर्षं कशी राह्यली ते पाहा ना," ते म्हणाले. "सांगतलं असतं तं अंथरूण धरलं असतं तू."

"अंथरूण धरलं असतं का उठून बसली असती, थे मले पाहू द्याचं होतं, साहेब. तुमी मले बायायपुढं बसवत होते. मी लेकराची आन खाल्ली तुमच्या भरवशावर."

"तुह्याकडं पाहून किती बाया तयार झाल्या, याचा विचार कर."

"थे खरं हाय," धुरपता म्हणाली. ते खरंच होतं आणि त्यामुळे तिला जास्तच लागलं. "पण जातानी तरी सांगाचं होतं. दहा तारीख काऊन देल्ली?"

मग साहेब म्हणाले, "थेवढं जमलं नाई मले."

तिनं फोन दीपिकाच्या हातात दिला. तांदूळ तिनं घरच्या कणगीत ओतले.

त्याच आठवड्यात ती मंगलीकडे गेली. मंगली अंगणात धान पाखडत होती. धुरपतानं उभ्या उभ्याच सांगितलं, की माझी आण खोटी होती, मला माहीत नव्हतं, पण खोटी होती.

मंगलीचं सूप थांबलं. "मंग माह्या आंगात बी असन?"

"मले नाई मालूम. नव्या मॅडमले इचार. थे तोंडावर सांगते."

मंगली तिच्याकडे पाहत राहिली. "तू आन खाल्ली म्हणून मी गेली होती," एवढंच म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली. नेहमी फाट्यापर्यंत सोडायला येणारी मंगली त्या दिवशी जागची उठली नाही.

मार्चच्या तारखेला, मोहफुलं वेचायची सोडून, धुरपता इतवारीसोबत निघाली तेव्हा त्याच गाडीत मंगलीही होती. तीही तपासायलाच चालली होती. पण पुढच्या सीटवर एकटी बसली आणि चंद्रपूर येईपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात नंबर आल्यावर धुरपतानं इतवारीला दाराबाहेर थांबवलं. आत जाऊन ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"मॅडम, आतापासून जे सांगाचं थे मले सांगा. कागद बी माह्याच हाती द्या."

"बरं," मॅडम म्हणाल्या. नवा फोटो उजेडासमोर धरून त्यांनी बोटानं दोन जागा दाखवल्या. "मागच्यासारखंच आहे. वाढलं नाही."

"किती दिवस हाय मले?"

"नक्की सांगता येणार नाही. काही बायका बरीच वर्षं काढतात. काहींचा आजार लवकर उसळतो. दर तीन महिन्यांनी जे दिसेल ते मी तुम्हाला सांगेन. वाईट असलं तरी."

मॅडम हसल्या नाहीत. बहीण म्हणाल्या नाहीत, धानाचं विचारलं नाही. पुढचा नंबर आधीच दारात उभा होता. धुरपताला ही बाई आवडली नव्हती, आणि पुढेही आवडेल असं काही वाटत नव्हतं. पण तिनं विश्वास ठेवला, आणि कागद घडी करून पोलक्यात ठेवला.

बाहेर इतवारी उभाच होता. "काय म्हणाल्या?"

ती चालत राहिली. परतताना मूल गावाला गाडी थांबली तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं. सावलीलाही विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. दोन वर्षं न सांगता कसं राहवलं असेल याला, याचा ती विचार करत होती, आणि सांगून टाकावं असं वाटायला लागलं तरी जाणूनबुजून दम धरत होती.

गडचिरोलीच्या स्टँडवर धानोऱ्याची गाडी लागायला वेळ होता. तिथल्या बाकावर बसल्यावर मात्र तिनं सांगितलं. मॅडमनी सांगितलं होतं त्याच क्रमानं, काही न वगळता.

इतवारी मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "चुकलं माह्यं."

"व्हय," धुरपता म्हणाली. गाडी लागली तशी उठून पुढं निघाली.