पत्र गेल्यावर कापलेलं कापड

ऐक, तू फक्त ऐक. मध्ये काही विचारू नकोस, नाहीतर मी विसरेन. टाचणी माहितीये ना तुला? आपली टाचणी गं, ती आत्याच्या पडद्यांच्या कारखान्यात कागदपत्रं बघते ती. घरातले पडदे नाही, नाटकाच्या स्टेजचे. दोन मजले उंच. एक पडदा उचलायला चार माणसं लागतात आणि शिवताना आत्या त्याच्यात अशी बुडून जाते की नुसता आवाज येतो, "कात्री कुठंय? अगं माझी कात्री कुठंय?" आणि कात्री तिच्याच गळ्यात असते.

तर तिची गेल्या चार दिवसांत जी काय हालत झालीय ना!

झालं असं की यांना एका नवीन सभागृहाचं काम मिळालं. मुलांच्या नाटकांचं सभागृह. उद्घाटनाला तीन आठवडे. कापड मागवलं शेजारच्या राज्यातल्या एका गिरणीकडून, गडद लाल, अकरा तागे. अट एकच होती, की कापडाने आग धरता कामा नये. सहाशे पोरं बसणार त्या पडद्यासमोर, वर एवढे तापलेले दिवे, त्यामुळे ही अट म्हणजे अटच.

मंगळवारी सकाळी नऊला ट्रक आला. आत्या गेलेली सभागृहात मापं घ्यायला. टाचणीने सही केली, तागे मांडून घेतले आणि नेहमीसारखे दोन-चार धागे काठावरून ओढून लायटर लावला. चांगलं कापड असलं की धागा काळा पडतो, आक्रसतो आणि विझतो. हा धागा पेटला! असा भुर्र पेटला की तिची बोटं भाजली. दुसऱ्या ताग्याचा घेतला, तोही तसाच. अकराच्या अकरा. मग मालाबरोबर आलेला दाखला काढून वाचला, तर त्यावर लिहिलेलं, 'घरगुती वापरासाठी'. गिरणीने भलतंच कापड पाठवलेलं!

आता दुसरी कुणी असती तर रडत बसली असती. पण टाचणी व्यापारी संघाच्या वर्गाला सहा शनिवार गेलेली. तिथे एक चष्मेवाले सर राज्याराज्यांतल्या खरेदी-विक्रीचा कायदा शिकवायचे. ते म्हणायचे, "पूर्वी माल इकडून निघाला की एक कायदा, नाका ओलांडला की दुसरा. मध्ये ट्रक उलटला तर तोटा कुणाचा, हे ठरेपर्यंत वकिलांची पोरं मोठी होऊन वकील व्हायची." म्हणून म्हणे सगळ्या राज्यांनी बसून एकच मसुदा केला आणि प्रत्येकाने आपापल्याकडे तोच मंजूर केला. इथेतिथे एखादं कलम इकडचं तिकडे, बाकी नियम सारखेच.

आत्याला हे काही पटलेलं नव्हतं. ती तेव्हाच म्हणालेली, "पलीकडच्यांचा कायदा पलीकडे. आणि तुझा तो कायदा काय काजं-बटणं करायला येतो का?"

पण टाचणीने वही अगदी पाठ केलेली. माल मागवल्याप्रमाणे नसेल तर लगेच कळवायचं. नेमकं काय चुकलंय ते लिहायचं. आणि तिसरी गोष्ट, सरांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारलेल्या: एकदा नको म्हणून कळवलंत की तो माल तुमचा नाही, तुम्ही त्याचे नुसते राखणदार. सांभाळा, पण वापरू नका. वापरलात, तर विकणाऱ्याला म्हणता येतं की घेतलात की माल, आता कसलं परत!

अकरा वाजून सात मिनिटांनी तिने गिरणीला ईमेल केला. काय झक्कास लिहिलेला म्हणून सांगू! ताग्यांचे नंबर, धाग्यांचे फोटो, दाखल्याची प्रत, 'हा माल आम्ही नाकारत आहोत, घेऊन जावा आणि ठरलेलं कापड पाठवावं.' गिरणीवाल्यांचा फोनही आला लगेच. म्हणाले, माणूस पाठवतो, तो बघेल, त्याने परत घ्यायचं ठरवलं तर बरोबर कापड आठ दिवसांत देऊ. म्हणजे उद्घाटन सांभाळता येत होतं. सगळं जमत होतं गं!

मग तिने काय करावं? आत्याला फोन करावा की नाही? नाही केला. का, तर म्हणे आधी सगळं निस्तरते, मग रुबाबात सांगते, "आत्या, असं असं झालेलं, पण काळजी करू नकोस, मी केलं सगळं." म्हणजे त्या सहा शनिवारांचं चीज झालं असतं ना. ईमेलची छापील प्रत घेतली आणि रजिस्टर्ड पोस्टाने टाकायला गेली. पोस्टात रांग, त्यात खिडकीवरच्या बाईंचा प्रिंटर बंद पडलेला. यायला चार वाजले.

जिन्यातच तिला आवाज आला. कर्र. कर्र. कर्र.

तिच्या पोटात असा गोळा आला! आत्याची ती मोठी कात्री. तुला माहितीये का, आत्याची एक पद्धत आहे, वीस वर्षांची. नवीन कापड आलं की प्रत्येक ताग्याची पूर्ण पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीएवढी, हातभर लांब पट्टी कापायची. सगळ्या पट्ट्या एकाला एक जोडायच्या, खाली वजनासाठी शिसं ओवायचं आणि मोठ्या दारावर टांगायच्या. कापड पडतं कसं, ताग्याताग्यांत रंगाचा फरक आहे का, ते तिला तसंच कळतं. टाचणी धापा टाकत वर पोचली, तर दारावर अकरा पट्ट्यांचा लाल पडदा झुलतोय आणि आत्या खालचे सुटे धागे कापून, हात कमरेवर ठेवून कौतुकाने बघतेय.

"बघ, काय पडतंय कापड! पाण्यासारखं."

"आत्या... कधी कापलंस हे?"

"आता. का? चेहरा का असा उतरलाय? भूत बघितलंस का?"

टाचणीने सांगितलं. आत्या खाली बसली, पण पहिलं वाक्य काय बोलली माहितीये? "मग मला एक फोन करायला तुझ्या बोटांना काय मेंदी लागलेली?" बास.

आणि खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पुढे ऐक. त्याच पट्ट्या सकाळी कापल्या असत्या, पत्र जायच्या आधी, तर काही बिघडत नव्हतं. ती तपासणी झाली असती आणि तपासायचा हक्क असतोच. पत्र गेल्यावर कापलं, म्हणजे आपलं समजून कापलं. कापड तेच, कात्री तीच, मधल्या पाच तासांनी सगळा घोळ. बुधवारी दिवसभर ती वही उघडत होती, मिटत होती. पलीकडच्या राज्यात काहीतरी वेगळं असेल म्हणून त्यांचं पुस्तकसुद्धा शोधून वाचलं. तर तेच कलम, तोच नंबर, तेच शब्द. पळायला फट म्हणून नाही! जेवण नाही, काही नाही. आत्याने ताटात वाढलं तर म्हणाली, "नंतर." आत्या म्हणाली, "उपाशी राहून ताग्याची पट्टी परत चिकटणार आहे का?"

गुरुवारी गिरणीचा माणूस आला. साधाच, पन्नाशीचा, हातात फाटकी बॅग. तिला वाटलेलं कुणी तरी खवीस येईल. याने चपला दाराबाहेर काढल्या, पाणी मागितलं, स्वतः धागे ओढून जाळले. म्हणाला, "चूक आमची आहे ताई. गोदामात चिठ्ठ्या बदलल्या." टाचणीचा जीव भांड्यात पडतोय तोच त्याची नजर दारावर गेली.

"हे काय?"

"नमुन्याच्या पट्ट्या," आत्या म्हणाली. "आम्ही नेहमी कापतो."

"हो, कापतात बरेच जण. तपासायला." त्याने वही काढली. "फक्त मला लिहावं लागतं. तुमचं पत्र मंगळवारी अकराला आलं. हे त्याच्या आधी कापलं की नंतर?"

बघ हं, सगळं इथेच अडलेलं. पट्ट्यांना आत्या खडूने तारीख घालते, वेळ नाही. कामाच्या बायकांना त्या दिवशी सुट्टी, त्यामुळे कापताना कुणी बघितलेलं नाही. 'आधी' म्हटलं असतं की काम फत्ते, ट्रक येतो, तागे जातात, आठ दिवसांत बरोबर कापड. आत्याने टाचणीकडे बघितलं आणि म्हणाली, "कागदाचं हिला विचारा. ही सांगेल ते."

त्या माणसाने कागद लिहायला घेतला, मधली 'आधी की नंतर'ची जागा मोकळी ठेवली आणि म्हणाला, "खाली मालकीणबाईंची सही लागेल."

आता आत्याचं कसंय, टाचणीने समोर ठेवलेला कागद ती वाचत नाही. कधीच नाही. चष्मासुद्धा लावत नाही. "तू बघितलंस ना?" म्हणते आणि सही ठोकते. त्या दिवशीही तिने पेन हातात घेऊनच ठेवलेलं, टोपण काढून. टाचणीला ते पेन दिसलं. खोटं बोलायचं ते आपण, आणि सही आत्याची!

"नंतर," ती म्हणाली. "पत्र गेल्यावर पाच तासांनी. तिला माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं तिला."

माणूस लिहायचा थांबला. वर बघितलं, चष्मा काढून पुसला.

"ताई, तुम्ही 'आधी' म्हणाला असतात ना, तर मी लिहून मोकळा झालो असतो. आता मला साहेबांना विचारावं लागेल. ते म्हणू शकतात, माल तुम्ही घेतलात, आता तक्रार असेल तर कोर्टात भांडा."

"माहितीये मला ते कलम."

"शनिवारी बारापर्यंत फोन करतो," तो म्हणाला. मोकळी जागा भरली, आत्यापुढे कागद ठेवला. आणि आत्याने त्या दिवशी, पहिल्यांदाच, चष्मा मागितला. अख्खा कागद वाचला, शब्दन् शब्द. मग सही केली.

जिन्यातली त्याची पावलं थांबल्यावर आत्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "आधी. दोन अक्षरं होती. तुझी जीभ झिजली असती का?"

"तुझी सही होती आत्या."

"सही माझी होती, कारखानाही माझाच आहे. आठ बायका कामाला येतात इथे. त्यांना काय सांगू, आमची पोर फार खरं बोलते?"

त्यानंतर आत्या तिच्याशी बोललेली नाही. कामापुरतं बोलते. "दोरा दे." "दिवा लाव." ते अकरा तागे भिंतीशी तसेच उभे आहेत, टाचणी रोज त्यांच्यावरची धूळ झटकते, कारण राखणदार आहे ना अजून! सभागृहवाल्यांचा दोनदा फोन आला, तिने उचलला आणि "चाललंय काम" म्हणाली, आणि हेही खोटंच की!

आज शुक्रवार. उद्या बाराला फोन. साहेब म्हणाले घेऊन या, तर सुटली. नाही म्हणाले, तर आग धरणारं कापड गळ्यात आणि उरलेल्या दिवसांत दुसरं आणायचं कुठून? मघाशी मला विचारत होती, "मी चुकले का गं?" आणि मी नुसतं तिच्या भाजलेल्या बोटांकडे बघत बसले. तू सांग ना. ते उघडं पेन आत्याच्या हातात, तो माणूस वही घेऊन वाट बघतोय, आणि सगळे तुझ्याकडे बघतायत. तू काय म्हणाली असतीस?