पहिल्या अढीचे आंबे

सानिकाने पालथं पडून पेंढ्यात हात घातला. कोपऱ्यातले तीन-चार आंबे खरंच गायब होते.

"हात काढ!" काकू दारातून ओरडली. "पहिली अढी आहे. देवाला दाखवल्याशिवाय कुणी शिवत नाही, अन् इथे देवाआधीच कुणीतरी जेवून गेलं!"

कुणीतरी म्हणजे घरकामाला येणारी मथुरा, हे काकूने ठरवून टाकलं होतं. आंबे परतायला या खोलीत तीच यायची.

"उद्यापासून येऊ नकोस," काकूने तिला सांगितलं. मथुरा हात पुसत पायरीवर बसून राहिली.

सानिका उसळली. सुट्टीत तिने मुलींच्या हेरकथांचा फडशा पाडला होता. त्या मुलींचा ताठपणा आता तिच्या वेणीतसुद्धा उतरला होता.

"काकू, संध्याकाळपर्यंत थांब. चोर मी शोधून देते."

"आली मोठी फौजदारीण!"

मागीलदारी केळीच्या बुंध्याशी तिला आंब्याच्या साली सापडल्या. हिरव्यागार, तिखटमीठ लागलेल्या. पिकेपर्यंत धीर नसलेला हा चोर कोण? मग एकदम आठवलं. काकूची सून, वैदेही वहिनी, हल्ली चहाला शिवत नव्हती. मासे तळायला घेतले की खोलीचं दार लावून घ्यायची. कोडं सुटलं! सानिकाने तिथेच उडी मारली.

संध्याकाळी पडवीत सगळे जमले. सानिकाने घसा खाकरला, बोट उचललं आणि वहिनीकडे पाहिलं. वहिनीने अगदी किंचित मान हलवली. नाही.

गेल्या वर्षी वहिनीला दुसराच महिना असताना काकूने मालगुंड गावभर पेढे वाटले होते. वहिनी हॉस्पिटलातून रिकामी परतली, तेव्हा पेढे खाल्लेली प्रत्येक बाई सांत्वनाला येऊन बसली होती.

"बोल की! कोण चोर?"

बोट हळूहळू सानिकाच्याच छातीकडे वळलं.

"मी. तिखटमीठ लावून खाल्ले. मथुरामावशीचा काही संबंध नाही."

काकूने कपाळावर हात मारला. "त्या पुस्तकांनीच चोऱ्या शिकवल्या हिला! उद्याच्या उद्या लायब्ररीत परत कर. मथुरे, ऊठ गो, आंबे परतायचे राहिलेत."

स्वयंपाकघरात वहिनी तिच्याजवळ आली.

"सानू, तुला कसं कळलं गो?"

साली, चहा, मासे, सगळं सानिकाच्या जिभेवर ओळीने येऊन उभं राहिलं. प्रत्येक हेरकथेतलं हेच तर सगळ्यात झकास पान!

"काय कळलं?" ती म्हणाली, आणि वहिनीच्या हातातलं पाण्याने भरलेलं पातेलं तिने स्वतःकडे घेतलं.