फोडीची कड

"मास्तर, घरात माकड पाळलंय का?" केळ्यांचा घड तराजूत ठेवता ठेवता फळवाल्याने विचारलं.

"का रे बाबा?"

"तीन आठवडे झाले, केळी नाहीतर द्राक्षं, द्राक्षं नाहीतर केळी. ही सफरचंदं बघा, गालावर कशी लाली चढलीय. पपई आहे, नासपती आहे. एरवी तुम्ही देठ बघणार, वास घेणार, फळ कानाशी नेऊन वाजवणार. माझा अर्धा तास खाणार. आता आल्या आल्या केळ्यांकडे बोट!"

"चावायला मऊ पडतात."

"दात तर सगळे जागच्या जागी दिसतायत."

"तू माझे दात मोजू नकोस, केळी मोज," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पिशवी डाव्या हाताने पुढे केली. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता. अलीकडे तो तिथेच असे.

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. शर्टाच्या कारखान्यात कापड बेतून कापणारे ते कटिंग मास्तर. कापडाचे चाळीस थर एकावर एक रचायचे आणि एका दमात असे कापायचे की वरच्या थराला जे माप तेच तळाच्या थराला. छत्तीस वर्षं त्यांनी हे केलं. निवृत्त झाल्यावर कात्री कारखान्यातच राहिली, पण हात घरी आला. आणि घरी त्याला काम मिळालं ते फळांचं.

त्याचं असं झालं की मास्तरीणबाईंची दृष्टी गेली. एकदम नाही गेली. घरातून एकेक दिवा कुणीतरी मालवत जावा तशी गेली. सहा वर्षांपूर्वी शेवटचा दिवा मालवला. त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना मास्तर वाटभर काही बोलले नाहीत. बोलल्या त्या बाईच. म्हणाल्या, "गप्प का? तुमचे हात आहेत ना माझ्याजवळ. मग डोळ्यांचं काय एवढं."

हे वाक्य मास्तरांनी मनात घडी करून ठेवलं होतं. इतकी वर्षं ते ऊब देत आलं. आता तेच रुतत होतं.

रोज चार वाजता खिडकीजवळ फळांची ताटली यायची. ताटली म्हणजे घड्याळ. बाराच्या जागी देठाकडची फोड, तिथून उजवीकडे एकेक. बाईंनी बोट लावलं की कळावं, फळ कोणतं, किती आहे, कुठे आहे. म्हणून मास्तरांनी प्रत्येक फळाला स्वतःचा बेत दिला होता. सफरचंदाची चंद्रकोर, पाठीवर साल ठेवून, म्हणजे हातातून निसटत नाही. पपईच्या लांब पट्ट्या, कॉलरीच्या पट्टीसारख्या. कलिंगडाचे त्रिकोण, धरायला खाली हिरवी साल. संत्र्याच्या पाकळीवरचं पापुद्र्याचं अस्तर उसवून आतला गर अख्खा काढलेला. सफरचंद चिरलं की लाल पडतं, म्हणून ते आधी मिठाच्या पाण्यात बुडवायचं. एकदा मुलाने विचारलं होतं, "बाबा, आईला कुठे रंग दिसतोय?" मास्तर म्हणाले होते, "मला दिसतो ना."

या हिवाळ्यात हात थरथरू लागला. आधी सुईत दोरा जाईना, मग चहा बशीत सांडू लागला, मग सुरी वाकडी जाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, "वयाचा कंप आहे. जिवाला धोका नाही. पण जायचाही नाही." मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं. बाईंना सांगायला मात्र जीभ वळेना. तुमचे हात आहेत ना, असं जी म्हणाली, तिला काय सांगायचं?

मग सुरू झाली ही लपवाछपवी. कप वाजू नये म्हणून बशीत रुमालाची घडी. आणि केळी. केळ्याला सुरी लागत नाही. द्राक्षं नुसती धुतली की झालं. "सफरचंद नाही का हो?" बाई विचारायच्या. "बाजारात आलंच नाही," मास्तर सांगायचे. पपईसुद्धा नाही? नाही. नासपती? छे, नावच काढू नकोस. असं म्हणता म्हणता त्यांनी सगळी बागच्या बाग वाळवून टाकली.

केळी घेऊन ते घरी आले तर सून स्वयंपाकघरात उभी. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर माणसांच्या दंडाला सुया लावायची आणि संध्याकाळी घरच्यांना शब्दांच्या. आज लवकर आली होती. ओट्यावर दोन सफरचंदं होती, लालबुंद, चकचकीत.

मास्तरांचा चेहरा उतरला. "हे कुठून?"

"आई सकाळी म्हणाल्या, सूनबाई, बाजारातली सगळी सफरचंदं संपली म्हणे, तुझ्या वाटेवर कुठे उरली असतील तर बघ." सुनेने आवाज खाली आणला. "बाबा, कोपऱ्यावरच्या गाडीवर ढीग लागलाय सफरचंदांचा. अख्ख्या गावाला दिसतोय."

"हळू बोल."

"आणि ते बोट काय केलंय? दाखवा."

"काही नाही. खरचटलं."

"दाखवा म्हणते ना. माझ्यासमोर रोज मोठे मोठे पैलवान सुई बघून रडतात, मला फसवू नका." तिने त्यांचा डावा अंगठा धरला. काल दुपारी, बाई झोपलेल्या असताना, मास्तरांनी एक नासपती कापून बघितली होती. सुरी घसरली होती. सुनेने जखम धुतली, स्वच्छ पट्टी बांधली. पट्टी बांधून झाल्यावरही तिने हात सोडला नाही.

"सांगून टाका ना त्यांना."

"नाही."

"किती दिवस लपवणार?"

"जितके निघतील तितके." मास्तरांनी मान वळवली. "तिच्याजवळ काय उरलंय गं? माझ्या हाताचा भरवसा तेवढा आहे. तो पण मीच जाऊन काढून घेऊ?"

सुनेने बाह्या सारल्या. "बरं. माझा हात तर नाही ना थरथरत? तुम्ही सांगा, मी कापते. आईंना तुमचंच वाटेल."

मास्तरांना ते पटलं नव्हतं, पण घड्याळात पावणेचार झाले होते.

"आधी सुरी हुंग," ते म्हणाले.

"काय?"

"हुंग. कांद्याचा वास येतोय का?"

"येतोय थोडा."

"मग धू. फळाला दुसऱ्याचा वास लागला की फळ रुसतं. आता खालून पातळ चकती काढ. बूड सपाट झालं की फळ बसतं. बसलेलं फळ बोट कापत नाही, लोळणारं कापतं. हां. आता देठ वर. उभं काप. कापडाला उभा धागा असतो तसा फळालाही असतो. दाबू नकोस. सुरीला पुढे जाऊ दे, खाली ती आपसूक जाईल."

"शीर सापडल्यासारखं होतं बाबा."

"तुझं सगळं रक्तातच! आता चार भागांचे आठ. बियांचं घर काढताना खोल जाऊ नकोस, गर वाया जातो. तिरकी सुरी. बरोबर. वा."

आठ चंद्रकोरी मिठाच्या पाण्यात पोहून बाहेर आल्या. एकीसारखी एक. मास्तरांनी त्या डाव्या हाताने ताटलीत मांडल्या, देठाची बाराच्या जागी. क्षणभर बघत राहिले. त्यांच्या उमेदीच्या काळातल्या फोडी अशाच असायच्या. मग ताटली सुनेने उचलली, कारण त्यांच्या हातात ती वाजली असती, आणि दोघं चोरासारखी खिडकीशी आली.

मास्तरीणबाई पाय सोडून बसल्या होत्या. लहानखुरी बाई, पण बोटं लांब. त्याही मास्तरांच्याच कारखान्यात, काजाच्या टेबलावर होत्या. शर्टाला हाताने काजं करायच्या. विसाव्या वर्षी, कामाला लागून आठवडा झाला नव्हता, तेव्हा त्यांनी मास्तरांकडे चाळीस तुकड्यांचा गठ्ठा परत पाठवला होता. निरोप होता, कड वाकडी आहे. मास्तर तरातरा आले. "टेप लावून बघितलीस?" "टेप कशाला? बोट लावलं." मास्तरांनी टेप लावली. दोन धागे वाकडी होती. सगळं टेबल तोंडाला पदर लावून हसलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी डब्यातून सफरचंदाच्या आठ फोडी आणल्या आणि तिच्यासमोर ठेवल्या. "हे बघ, सरळ आहे का?" तिने सगळ्या फोडींवरून बोट फिरवलं. "एक जाड आहे," म्हणाली, आणि नेमकी तीच उचलून खाल्ली. तेव्हापासून त्या टेबलावर एक गाणं चालायचं, बायकांनी जुळवलेलं:

सुई गेली पुढे बाई, दोरा गेला मागे,
मास्तरांच्या फोडीला गं बोट कुणाचं लागे?

"आलात?" बाई आता म्हणाल्या. "आज दोघं? मिरवणूक काढलीय का सफरचंदाची?"

"मिळालं बाई एकदाचं," मास्तर म्हणाले.

बाईंनी ताटलीवर हात ठेवला. बाराची फोड उचलली. अंगठा तिच्या कडेवर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. दुसरी उचलली. तिसरी. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, ती दूर जाईपर्यंत ऐकू येत राहिली.

"हात चांगला आहे गं तुझा, सूनबाई," बाई म्हणाल्या. "कुठेही थांबला नाही."

सुनेने जीभ चावली. मास्तर उभ्या जागी खिळले.

"आणि माझी कुठंय?"

"कोण माझी?" मास्तरांनी विचारलं.

"माझी फोड. कडेला लाट असलेली. हिवाळाभर खात होते, सवय लागली. मग तुम्ही केळी आणायला लागलात."

मास्तर हळूच खाली बसले. "तुला कधी कळलं?"

"कप वाजेनासा झाला तेव्हा. इतकी वर्षं तुमचा कप बशीत थोडा तरी वाजायचा, कुणाचा नाही वाजत? एक दिवस एकदम गप्प. म्हटलं, मास्तर रुमाल घालतात वाटतं खाली. आंधळी आहे मी, बहिरी नाही. मग फोडीची कड बघितली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. बाजारातली सगळी फळं मरेपर्यंत वाट बघितली."

सून फिसकन हसली आणि लगेच तिने डोळे पुसले.

मास्तर मात्र हसले नाहीत. गुडघ्यावरचा त्यांचा उजवा हात थरथरत होता, आणि आज त्याला ठेवायला खिसा आठवला नाही. "तू म्हणाली होतीस," ते म्हणाले, "हात आहेत ना, मग डोळ्यांचं काय. म्हटलं, आता हातही… आणि वाकडी कड तुला चालत नाही. अख्खा गठ्ठा परत पाठवला होतास."

"अहो, तो मालकाचा माल होता," बाई म्हणाल्या. "हे माझं आहे."

मग त्यांनी ताटली सुनेकडे सरकवली. "ही तू खा, दमून आलीस. दुसरं सफरचंद आहे ना? मास्तर, उठा. चार वाजून गेले."

मास्तर उठले. स्वयंपाकघरात गेले. सून मागोमाग निघाली तशी बाईंनी तिचा पदर धरला. "बस. कापू दे त्यांना."

"अंगठा कापलाय त्यांनी काल."

"आज नाही कापायचे. काल चोरून कापत होते."

आतून सुरी फळीवर टेकल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. बूड कापलं. उभं केलं. एरवी एका श्वासात व्हायचं ते काम आज पायरी पायरीने होत होतं, आणि बाई मान किंचित तिरकी करून एकेक पायरी ऐकत होत्या. आठ फोडींना पाव तास लागला. मधेच एक फोड फळीवरून घरंगळली आणि मास्तर तिच्यावर काहीतरी पुटपुटले. बाई गुणगुणायला लागल्या, सुई गेली पुढे बाई.

ताटली आली. फोडींच्या कडा वाऱ्यावर वाळत घातलेल्या कापडासारख्या होत्या. दोन जाड, एक कागदासारखी पातळ. पण देठाची बाराच्या जागी होती आणि सगळ्या मिठाच्या पाण्यातून काढलेल्या, पांढऱ्याशुभ्र.

बाईंनी बाराची फोड उचलली. अंगठा कडेवर ठेवला आणि नेला सावकाश. जिथे लाट आली तिथे थांबला, मग पुढे गेला, पुन्हा थांबला. टोकापर्यंत पोचल्यावर त्यांनी ती तोंडात घातली.

"गोड आहे," म्हणाल्या. "चहा?"

"टाकलाय."

मास्तर आत जाऊन परत आले. रुमालाची घडी ओट्यावरच राहिली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत कप बशीत वाजत आला, सारखा, लहान मुलाच्या पायातल्या वाळ्यासारखा. बाईंनी आवाजाकडे तोंड वळवलं आणि ताटली वीतभर बाजूला घेतली, बशीला जागा व्हावी म्हणून.